‘आई, असं कुणी म्हणत नाही’

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एक वाचक चार वर्षांपासून आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहतात. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, आठ वर्षांची मुलगी आयरिश माध्यमाच्या शाळेत जाते. मुलीच्या मागोमाग आपणही ही भाषा शिकावी असं त्यांना वाटलं. आधी मोबाइलवरचं अ‍ॅप झालं, मग एका पुस्तकातून दीडशे म्हणी-वाक्प्रचार वहीत उतरवून पाठ केले. मागच्या महिन्यात स्पिडल गावातल्या एका दुकानात शिरल्या, बाहेर धो धो पाऊस. त्यांनी पावसाचा एक दणदणीत वाक्प्रचार गल्ल्यावरच्या आजोबांना ऐकवला. आजोबा हसले आणि इंग्रजीत म्हणाले, “हो ना, फारच वाईट हवा.” बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, असं कुणी म्हणत नाही.” नवऱ्याचं म्हणणं, “इथले लोकच ती भाषा बोलत नाहीत, तू कशाला जीव काढतेस?” वाचक विचारतात : नेमके कोणते वाक्प्रचार शिकले म्हणजे लोक माझ्याशी आयरिशमध्ये बोलतील? की हा नाद सोडून तेवढा वेळ लेकीच्या मराठीला द्यावा?

उत्तर :

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण मीही अशा दुकानात उभी राहिलेली आहे. मी सहा वर्षं डब्लिनला होते, त्यातली चार वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी आयरिशच्या वर्गाला जायचे. माझ्याकडेही वही होती. हिरव्या कव्हरची, आणि तुमच्यासारखीच म्हणींनी भरलेली.

तुम्ही आजोबांना काय ऐकवलंत ते पत्रात लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज सांगते. ‘तॉ शे ए कुर श्क्याना ग्रेसी.’ बरोबर ना? मोच्याच्या राप्या पडताहेत. प्रत्येक पुस्तकात असतो तो, आणि सुंदरच आहे. आपल्याकडे आभाळातून मुसळं पडतात, त्यांच्याकडे कातडं कापायच्या राप्या. (इथले उच्चार मी तुमच्या बाजूचे, म्हणजे कोनामाराकडचे देते आहे, तेही ढोबळच. देवनागरीत आयरिश पूर्ण मावत नाही. इंग्रजी लिपीतही मावत नाही, हे तिथल्या पाट्या वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल.)

आता एक करून बघा. काल दिवसभर घरात तुम्ही मराठीत काय काय बोललात ते आठवा. ‘अडला हरी’ म्हणालात? ‘नाचता येईना अंगण वाकडं’? महिन्यातून एकदा, फार तर. पण ‘झालं का?’, ‘राहू दे गं’, ‘काय सांगतेस!’, ‘बघू’, ‘येते हं’ हे किती वेळा झालं, त्याची मोजदाद नाही. तुम्ही बोललात हे तुम्हालाही आठवणार नाही, इतके हे शब्द गुळगुळीत झालेत. साताऱ्याच्या मंडईत एखादा गोरा पाहुणा आला आणि भाजीवाल्या मावशींना म्हणाला, “दुरून डोंगर साजरे,” तर मावशी काय करतील? पदर तोंडाला लावून हसतील, शेजारणीला बोलावून पुन्हा म्हणायला लावतील आणि मग हिंदीत भाव सांगतील. तोच पाहुणा जर आला आणि “कशी दिली मेथी?” म्हणाला, आणि भाव ऐकून “जरा कमी करा की” म्हणाला, तर मावशी मराठीतच वाद घालायला लागतील. समोरचा परका आहे हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत.

स्पिडलच्या आजोबांनी तुमचा अपमान केला नाही. तुम्ही त्यांना दागिना दाखवलात, त्यांनी कौतुक केलं. पण त्याला उत्तर काय द्यायचं? म्हणीला उत्तर नसतं. आणि तुमचा प्रश्न ‘लोक माझ्याशी कधी बोलतील’ असा आहे. तेव्हा ज्याला पुढे उत्तर येतंच, असं काहीतरी म्हणायला हवं.

आयरिशमध्ये अशा जोड्या आहेत. एकानं अर्धं म्हणायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं. ‘जीया ग्विच’, देव तुला असो, असं अभिवादन केलं की समोरचा ‘जीया स म्विरा ग्विच’ म्हणतो, देव आणि मेरी तुला असोत. आणखी चढाओढ करायची तर पॅट्रिकलाही त्यात ओढता येतं. आपल्या ‘राम राम’ला ‘राम राम’ येतो तसंच, फक्त दर खेपेला एक संत वाढतो. पण गंमत अशी की पुस्तकात पहिल्या पानावर असलेलं हे अभिवादन रोजच्या बोलण्यात तुम्हाला कमीच ऐकू येईल. तुमच्या बाजूला लोक सरळ ‘के खी विल तू?’ म्हणतात, काय हालहवाल. दक्षिणेला मुन्स्टरमध्ये ‘कोनस अतॉ तू?’ आणि उत्तरेला डोनेगॉलमध्ये ‘कजे मार अता तू?’. अ‍ॅपनं यातलं कोणतं शिकवलं ते तपासा. चूक कुठलंच नाही, पण कोल्हापूरच्या घरात कुणी ‘काहो, कसे आहात आपण?’ असं विचारलं तर जसं होईल तसं थोडं होतं.

हवा चांगली असली की ‘लॉ ब्रा!’ म्हणायचं, छान दिवस. उत्तर येणार, ‘लॉ ब्रा, बीखस ल जीया’, देवाची कृपा. गॉलवेत असा दिवस क्वचित उगवतो, त्यामुळे संधी मिळाली तर सोडू नका. उरलेल्या दिवसांसाठी साधं ‘तॉ शे ए कुर बॉश्ची’ पुरतं, पाऊस पडतोय. उद्या-परवाचं काही ठरवलं की शेवटी ‘ल कूनव जे’ लावायचं, म्हणजे देवाच्या मदतीनं. आपली आजी ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणायची ना, अगदी तिथेच. कुणी थकलेलं दिसलं तर ‘लिग द श्की’, म्हणजे टेक जरा.

आणि निरोप. हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. जाणाऱ्याला वेगळं म्हणतात आणि राहणाऱ्याला वेगळं. मी निघाले असेन आणि तुम्ही दुकानात थांबणार असाल तर मी म्हणायचं ‘स्लॉन अगत’, क्षेम तुझ्यापाशी राहो. तुम्ही मला म्हणायचं ‘स्लॉन ल्यात’, क्षेम तुझ्यासोबत जावो. कोण जातंय आणि कोण राहतंय याचं भान ठेवल्याशिवाय निरोपच घेता येत नाही. पहिल्या वर्षी माझं हमखास उलटं व्हायचं. पण मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. आपणही उंबऱ्यात ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि आतून आवाज येतो, ‘या हं.’ निरोपाच्या शब्दाकडे इतक्या बारकाईनं बघायची सवय आपल्याला आहेच.

तर तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक मी काढून टाकते : वाक्प्रचार म्हणजे ठसठशीत, चित्रमय काहीतरी. ते वहीत राहू दे. कधीतरी योग्य जागी पडेल आणि तेव्हा मजा येईल. पण बोलणं सुरू होतं ते या झिजलेल्या नाण्यांनी.

दुसरं गृहीतक तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रभर आहे. तुम्ही आयरिश इंग्रजीतून शिकताय. पुस्तक इंग्रजीत, अ‍ॅप इंग्रजीत. साहजिकच आहे. पण त्यामुळे जे तुम्हाला आयतं मिळालंय ते तुम्ही वापरत नाही आहात.

माझ्याच वर्गातला किस्सा सांगते. दुसरा की तिसरा मंगळवार असेल. शिक्षिकेनं विचारलं, भूक लागलीय का कुणाला? मी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि शब्दाला शब्द ठेवून म्हणाले, ‘तॉ मे ओक्रस.’ ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे तू स्वतःच भूक आहेस?” वर्ग हसला. मग तिनं फळ्यावर लिहिलं, ‘तॉ ओक्रस ओरम.’ भूक आहे माझ्यावर. माझ्या शेजारचा डब्लिनचा मुलगा कुरकुरला, हे काय विचित्र! भूक काय माझ्या डोक्यावर बसलीय? आणि मी मात्र फळ्याकडे बघत राहिले, कारण त्यात विचित्र काहीच नव्हतं. मला भूक लागली. मी भूक नाही, मी भुकेली असंही आपण रोज म्हणत नाही. भूक येते आणि मला लागते.

त्या एका ‘ओरम’वर किती गोष्टी बसतात बघा. ‘तॉ स्लायदॉन ओरम’, मला सर्दी झालीय. ‘तॉ तार्त ओरम’, मला तहान लागलीय. राग, लाज, आनंद, सगळं असंच येतं. आणि ‘तॉ ब्रोन ओरम’, शब्दशः दुःख आहे माझ्यावर. वाईट वाटलं, माफ कर, असं म्हणायला तिथे हेच वापरतात. ओरम, ओर्त, एर, उर्ही हे मला, तुला, त्याला, तिला यांच्यासारखं पाठ करून टाका.

दुसरी माळ ‘अगम’ची. इंग्रजीत वस्तू बाळगायला एक क्रियापद आहे. आयरिशमध्ये नाही. आणि मराठीत तरी कुठे आहे? माझ्याकडे पुस्तक आहे, तसंच ‘तॉ ल्यावर अगम’. इथून पुढे तर गंमतच आहे. ‘तॉ ग्वेल्गे अगम’, आयरिश आहे माझ्यापाशी, म्हणजे मला आयरिश येते. ‘नील इस अगम’, त्याची माहिती माझ्यापाशी नाही, म्हणजे मला माहीत नाही. ‘तॉ सूल अगम’, सूल म्हणजे डोळा आणि अपेक्षाही. अर्थ, मला आशा आहे. आपण डोळे लावून बसतो तेच.

इंग्रजीत एखादी गोष्ट माहीत असणं, एखाद्या माणसाला ओळखणं आणि एखादी भाषा येणं या तिन्हींना एकच शब्द चालतो. माझ्या वर्गातले इंग्रजी बोलणारे इथे हमखास अडकायचे. आयरिशमध्ये माणसाची ती ‘आह्ने’, गोष्टीची ती ‘इस’, आणि भाषा नुसती ‘माझ्यापाशी असते’. ओळख, माहीत, येणं. तुम्हाला हे कुणी शिकवायची गरज नाही, कारण ते तीन कप्पे तुमच्या डोक्यात चार वर्षांच्या असल्यापासून वेगळे आहेत.

तसंच हो-नाहीचं. आयरिशमध्ये ‘हो’ला नि ‘नाही’ला स्वतंत्र शब्द नाही, क्रियापदच परत करायचं. ‘अन विल ओक्रस ओर्त?’ भूक लागलीय का तुला? उत्तर ‘तॉ’ किंवा ‘नील’. यावर अख्खे धडे असतात आणि विद्यार्थी घामाघूम होतात. पण आपल्याला कुणी ‘जेवलीस?’ विचारलं तर आपण बहुतेक वेळा काय म्हणतो? ‘जेवले.’

उच्चारातही थोडं मिळतं. आयरिशमधला ‘रुंद’ म्हणवला जाणारा त आणि द दाताला जीभ लावून म्हणायचा असतो, म्हणजे आपला नेहमीचाच त आणि द. ‘के खी विल तू’मधला ख हा गझलेतला, घशातून घासत येणारा ख़ आहे. डब्लिनच्या मुलाला त्यासाठी महिना लागला होता.

सगळंच असं जुळत नाही, हेही सांगून ठेवते. वाक्यात क्रियापद आधी येतं, आणि शब्दांची सुरुवातच बदलत राहते. आपण शब्दाच्या शेवटी खटपट करतो, ते सुरुवातीला करतात. तिथे मराठी मदतीला येणार नाही. पण वाक्प्रचाराचा अर्थ लावताना इंग्रजी वाक्य मधे आणायचं नाही, एवढा नियम पाळा. इंग्रजीतून गेलं की काय होतं याचं एक नामांकित उदाहरण आहे. ‘रस्ता उठून तुमच्या भेटीला येवो’ अशा अर्थाचा एक ‘आयरिश आशीर्वाद’ भेटकार्डांवर, चहाच्या मगांवर जगभर छापला जातो. मूळ आयरिश शब्द ‘ग नाय्री अन बोहर ल्यात’. त्यातल्या क्रियापदाचा सुटा अर्थ उठणं असा होतो खरा, पण पुढे ‘ल्यात’ आलं की त्याचा अर्थ ‘तुला यश येवो’ असा होतो. प्रवास नीट होवो, एवढंच साधं म्हणायचंय. रस्ता बिचारा जागच्या जागी पडलेला असतो. आपल्याला हे कळायला सोपं, कारण आपल्याकडेही ‘उठणं’ असंच आहे : ‘बाजार उठला’ म्हणजे तो खुर्चीवरून उठला असं नाही.

आता आजोबांच्या इंग्रजीकडे वळते, कारण मला वाटतं, लागलं तुम्हाला तेच. आयरिश बोलणारा प्रत्येक मोठा माणूस दुभाषी आहे. अनोळखी माणूस दिसला की इंग्रजीत शिरायचं, ही सवय त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. 1831 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांत शिक्षण इंग्रजीतून होतं. त्या शतकात आयरिश बोललेल्या पोराच्या गळ्यात अडकवलेल्या काठीवर खाच पाडायची आणि खाचा मोजून शिक्षा द्यायची, असेही प्रकार होते. पुढे 1840 च्या दशकातला बटाट्याचा दुष्काळ आला. त्यात मेले ते आणि जहाजानं परदेशी गेले ते मोठ्या संख्येनं आयरिश बोलणारे होते. मागे राहिलेल्यांना कळून चुकलं की पोट भरायचं तर इंग्रजी हवी. पाहुण्याशी इंग्रजीत बोलणं हा त्यांच्या लेखी शिष्टाचार आहे. तुमची आयरिश त्यांनी नाकारली नाही, तुमची सोय केली.

आणि शहरातल्या लोकांचं वेगळंच दुखणं. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 70 हजार लोकांनी, म्हणजे तीन वर्षांवरच्या लोकसंख्येच्या 40 टक्क्यांनी, आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे त्यात सुमारे 72 हजार. उरलेल्यांनी काय केलंय? तेरा-चौदा वर्षं शाळेत शिकलेत, अवघड क्रियापदांच्या धसक्यानं परीक्षा दिलीय आणि बाहेर पडलेत. कुणालाही विचारा, सगळ्यांना एक वाक्य धडाधड येतं : ‘अन विल क्याद अगम दुल ग जी अन लेहरस?’ मी बाथरूमला जाऊ का? बाईंनी आयरिशमध्ये विचारल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून ते हाडात बसलंय. तुम्ही ऑफिसात आयरिश बोललात की तुमचे सहकारी गडबडतात ते तुमच्यामुळे नव्हे. साताऱ्याहून आलेली बाई चार वर्षांत बोलायला लागली आणि आपण मात्र तेवढ्या लेहरसच्या वाक्यावर अडलोय, याची त्यांना लाज वाटते. त्यांच्यावर म्हणींचा मारा करू नका. त्यांनाच शिकवायला लावा. ‘के ग़्वेल्गे अतॉ अर...’ म्हणायचं आणि वस्तूकडे बोट दाखवायचं, याला आयरिशमध्ये काय म्हणतात? त्यांच्यापाशी असतो शब्द. शाळेतला, धूळ बसलेला, पण असतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं आकड्यांपुरतं खरं आहे. मात्र ते स्वतः रोज आयरिश ऐकतात आणि त्यांना ते माहीत नाही. ऑफिसात कुणी साहेब कुणाला झापत होते हे सांगायला तिथले लोक इंग्रजीत ‘गिव्हिंग आउट’ म्हणतात. लंडनच्या माणसाला ते कळत नाही, कारण ते आयरिशच्या ‘तोर्त अमाख’चं सरळ भाषांतर आहे. आताच जेवलो म्हणायला ‘आयॅम आफ्टर ईटिंग’ म्हणतात, तेही आयरिशच्या साच्यातून निघालेलं. लाडीगोडी लावणाऱ्याला ‘नको ते प्लॉमॉस’ म्हणतात, डावखुऱ्याला ‘किटोग’. पोलिसाला गार्डा म्हणताना आणि पंतप्रधानांना टीशाख म्हणताना तर सगळा देशच आयरिश बोलत असतो. 2017 मध्ये लिओ वराडकर टीशाख झाले तेव्हा आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव इकडच्या सगळ्या पेपरांत आलं होतं. कोकणातलं आडनाव तिकडच्या त्या शब्दाशेजारी बसलंच की. त्यामुळे ‘आपण कोण परके, आपल्याला काय हक्क’ ही जी ओळ तुम्ही पत्राच्या शेवटी खोडलीत (खोडलेलं मी नेहमी वाचते), ती खोडलेलीच राहू दे.

गंमत म्हणून सांगते, ‘क्रॅक’ हा जो शब्द मजा-गप्पा या अर्थानं सगळीकडे आयरिश म्हणून मिरवतो, तो मुळात तिकडे इंग्रजी-स्कॉट्समधून आलेला आहे. शब्द कुणाच्या मालकीचे राहत नाहीत.

मग करायचं काय? दीडशेची वही बंद करा. एक माणूस निवडा, जमलं तर तेच आजोबा. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकच छोटा प्रसंग, तीन वाक्यांचा : आल्यावर काय म्हणायचं, मधे काय, निघताना काय. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं तर हिरमुसायचं नाही आणि स्वतः इंग्रजीत जायचं नाही. ‘आबर अरीश ए’ म्हणायचं, पुन्हा म्हणा. पुढे ‘ग माल’ जोडलं तरी चालेल, सावकाश. मी पाहिलंय, दोनदा इंग्रजीत उत्तर देऊनही समोरची बाई ढळत नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा माणूस आपसूक आयरिशमध्ये शिरतो. आपल्या भाषेत बोलून ही दमणार नाही, एवढी त्याची खात्री पटावी लागते.

मधल्या दिवसांत कानावर पडू दे. रॅडिओ न ग्वेल्ताख्ता (ग्वेल्ताख्त म्हणजे आयरिश बोलणारा भाग) हे आयरिश रेडिओ केंद्र 1972 पासून चालू आहे, त्याचं मुख्यालय तुमच्याच बाजूला कोनामारात आहे. भांडी घासताना लावा. कळणार नाही, पण ‘मुशा’ म्हणून सुस्कारा कुठे टाकतात ते कळेल, आणि ते वहीत कधीच येत नाही. टीजी4 या आयरिश भाषेतल्या टीव्ही वाहिनीवर एक मालिका 1996 पासून चालते, तिचं चित्रण स्पिडललाच होतं. भांडणं, लग्नं, लफडी, सगळं आहे. खाली इंग्रजी अक्षरं येतात, त्यावर पट्टी धरून बघा. शब्द अडला तर टाँगलन हा ऑनलाइन शब्दकोश उघडा, त्यात तिन्ही बोलींतले उच्चार माणसांच्या आवाजात ऐकायला मिळतात. डब्लिनमध्ये 2016 साली काही जणांनी पबमध्ये जमून फक्त आयरिश बोलायचं, असा ‘पॉप-अप ग्वेल्ताख्त’ सुरू केला आणि तो बाहेरही पसरला. गॉलवेत असं काही ना काही चालूच असतं. तिथल्या लोकांचा एक आवडता मंत्र आहे, की हुशार इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. पहिले दोन महिने गप्प बसून ऐकलंत तरी कुणी हटकणार नाही.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि तो तुम्ही ‘हे की ते’ असा मांडलाय. आठ वर्षांच्या मुलीची मराठी तुमच्या आयरिशमुळे मागे पडणार नाही. ती मागे पडेल तुम्ही घरात इंग्रजी बोललात तर. पत्रात मुलीचं वाक्य तुम्ही मराठीत लिहिलंय. ती ते खरंच मराठीत म्हणाली का? म्हणाली असेल तर काळजी सोडा. बाहेर पडून आयरिशच्या चुका मराठीत काढणारी पोरगी आहे ती, अजून काय हवं?

उलट तिच्याशी देवाणघेवाण करा. रोज रात्री तिनं शाळेत ऐकलेलं एक द्यावं, तुम्ही एक मराठी द्यावं. तिनं मोच्याच्या राप्या दिल्या की तुम्ही मुसळधार द्या, आणि मुसळ म्हणजे काय ते सातारच्या आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. ‘सोन्या’च्या बदल्यात ‘अ स्तोर’ मिळेल, माझा ठेवा, तिकडच्या आया लेकरांना तसंच म्हणतात. लाडाचा दुसरा शब्द ‘अ ख्री’, माझ्या काळजा. यात तुम्ही शिकवणाऱ्या आणि ती शिकणारी, असं राहणार नाही. आयरिशमध्ये ती तुमच्या फार पुढे आहे, आणि आईपेक्षा आपल्याला जास्त येतं याचा आनंद पोरांना किती होतो ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पुढच्या खेपेला दुकानाबाहेर ती ‘असं कुणी म्हणत नाही’ म्हणाली, की तिथेच थांबा, छत्री उघडायच्या आधी. विचारा, “मग कसं म्हणतात?” ती जे सांगेल ते वहीच्या नव्या पानावर लिहा आणि मलाही कळवा. कोनामाराच्या शाळेच्या अंगणातलं असलं तर मला ते बहुधा येत नसणार.